‘चालत नाही’ म्हणजे काय?

शाळेच्या संगणक-कक्षात एक वाक्य वर्षभर ऐकू येते. वाक्य तीनच शब्दांचे आहे : ‘सर, चालत नाही.’ नववीचा मुलगा ते म्हणतो, दहावीची मुलगी म्हणते, आणि म्हणून झाल्यावर खुर्ची थोडी मागे सारून दोघेही स्वस्थ बसतात. आपले काम संपले, यापुढचे शिक्षकांनी पाहावे, असा भाव त्यांच्या मुद्रेवर असतो. वैद्यापुढे बसून ‘बरे नाही’ एवढेच सांगणारा रोगी आणि हा विद्यार्थी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. वैद्य नाडी तरी पाहू शकतो. यंत्राची नाडी कोठे असते, हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने ‘चालत नाही’ म्हटले तर ऐकणाराने हात तरी कोठे ठेवावा?

बिघाड नेमक्या शब्दांत सांगता येणे हे दुरुस्तीचे अर्धे काम होय. हे काम शाळेने शिकविले पाहिजे, आणि शिकविले तर त्यास गुणही दिले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. शाळेत मराठी शिकवितो, घरी कोंकणी बोलतो, आणि शिक्षकांची संख्या पुरी पडत नसल्यामुळे संगणक-मंडळाची देखरेखही आमच्याकडे आलेली आहे. मराठीच्या शिक्षकाने संगणकाविषयी मत द्यावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु निबंधातील चूक शोधणे आणि प्रोग्राममधील चूक शोधणे या दोहोंची जात एकच आहे, अशी आमची उत्तरोत्तर खात्री होत चालली आहे. ‘निबंध चांगला नाही’ असा शेरा मारणारा शिक्षक मुलास काहीच देत नाही. कोणत्या परिच्छेदात, कोणत्या वाक्यात, कर्ता कोठे हरवला, हे दाखविणाराच काही देतो.

उदाहरण म्हणून एकच प्रोग्राम घेऊ. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने तो लिहावयास घेतला. पावसाळ्यात आमच्या बाजूस इंटरनेट वारंवार खंडित होते, हे पालकांस सांगावयास नको. अशा वेळी कक्षातले संगणक मात्र एकमेकांशी एका छोट्या पेटीने जोडलेले असतात आणि बाहेरचे जग तुटले तरी आपसांत बोलू शकतात. तेव्हा एका संगणकावर लिहिलेला निरोप दुसऱ्यावर उमटावा, एवढाच बेत होता. यासाठी एका संगणकास ‘सर्व्हर’ व्हावे लागते, म्हणजे कोणी हाक मारील का याची वाट पाहत बसावे लागते. दुसरा हाक मारतो, त्यास ‘क्लायंट’ म्हणतात. दोघांच्या बोलण्याचे जे टोक प्रत्येकाच्या हाती असते ते ‘सॉकेट’. ही सॉकेटची रचना अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाने १९८३ साली आपल्या युनिक्स प्रणालीबरोबर प्रसिद्ध केली. आज चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी आमच्या मुलांनी पायथॉनमध्ये लिहिलेल्या आज्ञा जवळजवळ त्याच आहेत. प्रथम सॉकेट निर्माण करावयाचे. मग त्यास पत्ता आणि क्रमांक जोडून द्यावयाचा. ही आज्ञा ‘बाइंड’. मग ‘लिसन’, म्हणजे ऐक. आमच्या कोंकणीत ‘आयक’. शेवटी ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे येईल त्यास आत घे. पत्ता म्हणजे इमारत मानली तर क्रमांक म्हणजे त्या इमारतीतील खोली. या क्रमांकास ‘पोर्ट’ म्हणतात आणि ते ६५,५३५ पर्यंत असू शकतात. सगळा प्रोग्राम वीसेक ओळींचा. वीस ओळींत बिघडण्यासारखे ते काय असणार, असे कोणासही वाटेल.

पहिली तक्रार आली ती अशी की प्रोग्राम सुरू केला, आणि काहीच झाले नाही. पडदा काळा, कोपऱ्यात काठी लुकलुकते आहे, बस्स. दोन मुलांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद केला. वस्तुतः तो बिघडलेलाच नव्हता. ‘ॲक्सेप्ट’पाशी येऊन तो दारात उभा होता आणि कोणी येण्याची वाट पाहत होता, वाट पाहणे हेच त्याचे काम. फाटकावरचा पहारेकरी हालचाल करीत नाही म्हणून तो आजारी आहे असे आपण म्हणत नाही. पण यंत्राने सतत काहीतरी दाखविले पाहिजे अशी आजच्या मुलांच्या डोळ्यांस सवय लागली आहे, आणि स्तब्धता म्हणजे बिघाड असे समीकरण त्यांच्या मनात बसले आहे. येथे औषध अगदी साधे होते. ‘ऐकावयास बसलो आहे, क्रमांक ५०००’ अशी एक ओळ पडद्यावर छापण्याची आज्ञा ‘लिसन’च्या खाली घातली. पहारेकऱ्याने ‘मी आहे’ एवढे म्हटले, आणि मुलांचे समाधान झाले.

दुसरा बिघाड खरा होता, आणि तो पहिल्या उतावळेपणातून जन्मला होता. बंद करून सुरू करण्याच्या गडबडीत पडद्यावर तांबड्या अक्षरांचा एक परिच्छेद उमटला. तांबडी अक्षरे दिसली की मुले डोळे मिटतात. हा आमचा नित्याचा अनुभव आहे. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, ती अक्षरे म्हणजे रागावणे आहे असे वाटते म्हणून. त्या परिच्छेदाची शेवटची ओळ मात्र अगदी सोज्ज्वळ होती : ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, पत्ता आधीच वापरात आहे. म्हणजे पाच हजार क्रमांकाच्या खोलीत कोणीतरी आधीच बसलेले आहे. कोण? बहुतेक वेळा आपलाच जुना प्रोग्राम, जो दुसऱ्या खिडकीत चालू राहिला आहे. कधी कधी मात्र जुना प्रोग्राम खरोखरच बंद झालेला असतो, आणि तरीही खोली मोकळी मिळत नाही. याचे कारण मोठे समंजस आहे. एक संभाषण संपले तरी त्यातील एखादा मागे रेंगाळलेला तुकडा वाटेवर असू शकतो. तो उशिरा येऊन पोहोचला आणि त्याच खोलीत नवे संभाषण सुरू झालेले असले, तर जुने शब्द नव्या बोलण्यात मिसळतील. म्हणून ज्या बाजूने आधी निरोप घेतला, तिच्याकडील ती जोडणी प्रणाली काही काळ राखून ठेवते. लिनक्समध्ये, जी आमच्या कक्षात आहे, हा काळ साठ सेकंदांचा असतो. सोयर फिटल्याखेरीज घर वापरावयाचे नाही, तशातलाच हा प्रकार. ही अट शिथिल करणारी एक आज्ञा आहे आणि सर्व्हर लिहिताना ती ‘बाइंड’पूर्वी घालण्याची चांगली पद्धत आहे. परंतु ज्याने ती ओळ वाचली, त्यालाच ती आज्ञा शोधावीशी वाटणार.

आमच्या मंडळातील एका चतुर मुलाने ती ओळ न वाचताच मार्ग काढला. त्याने ५००० चे ५००१ केले. सर्व्हर सुरू झाला! मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग क्लायंट चालू केला, तर तो म्हणू लागला, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. साहजिकच आहे; क्लायंट बिचारा अजून पाच हजार क्रमांकाचेच दार ठोठावीत होता. बिघाड टाळून पुढे जाण्याची ही जी हुशारी, तिच्याविषयी आमचे मत चांगले नाही. चुलीतला धूर डोळ्यांत जातो म्हणून घर बदलणारा माणूस नव्या घरी पुन्हा ओलीच लाकडे घेऊन जातो. ५००१ च्या पाठोपाठ ५००२ आले, आणि दोन दिवसांनी कोणत्या संगणकावर कोणता क्रमांक आहे हे सांगणारा एकही मुलगा कक्षात उरला नाही. (एकाने खाली उतरत जाऊन ८० हा क्रमांक दिला, तेव्हा प्रणालीने परवानगीच नाकारली. लिनक्सवर १०२४ च्या खालचे क्रमांक सामान्य वापरणाऱ्यास सहसा मिळत नाहीत.)

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ या दोन शब्दांवर येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण भाषेच्या शिक्षकास त्यांत रस आहे. दोन संगणकांची गाठ पडली नाही तर पडद्यावर मुख्यतः दोन प्रकारची उत्तरे येतात. एक हे, ‘नाकारले’. दुसरे ‘टाइम्ड आउट’, म्हणजे वाट पाहून वेळ संपली. मुलांच्या लेखी दोहोंचा अर्थ एकच : चालत नाही. पण त्यांत केवढे अंतर आहे! नाकारले, म्हणजे आपली हाक त्या संगणकापर्यंत पोहोचली. तेथून कोणीतरी तत्काळ सांगितले की या क्रमांकाच्या खोलीत ऐकणारा कोणी नाही. याचा अर्थ वाट बरोबर आहे, तार शाबूत आहे. खोली चुकली आहे, किंवा सर्व्हर सुरूच केलेला नाही. उलट दुसऱ्या उत्तरात कोणीच काही बोललेले नाही. हाक गेली, आणि परत काहीही आले नाही. लिनक्सच्या मूळ मांडणीत हे थांबणे दोन मिनिटांच्या वर जाते, तेवढ्यात मुलाचा धीर सुटतो. येथे बहुधा पत्ताच चुकलेला असतो, तार निघालेली असते, किंवा मध्ये बसलेला ‘फायरवॉल’ नावाचा द्वारपाल हाक आत जाऊ न देता मुकाट्याने टाकून देत असतो. नकार आणि मौन यांतला भेद ज्यास कळला, त्याचा निम्मा शोध वाचला. काव्यातला असा भेद ओळखण्यासाठी आम्ही दहावीच्या मुलांस दोन-दोन गुण देतो. मग येथे का देऊ नयेत?

एका जोडीने मात्र या वेळी फार चांगली गोष्ट केली, आणि तिचा उल्लेख केलाच पाहिजे. त्यांचा क्लायंट शेजारच्या संगणकावरून हाक मारी आणि त्यास नकार मिळे. क्रमांक दोन्हीकडे ५००० च होता, सर्व्हर ‘ऐकतो आहे’ असेही म्हणत होता. त्यांनी आम्हांस बोलाविले नाही. प्रथम त्यांनी ज्या संगणकावर सर्व्हर होता त्याच संगणकावर क्लायंट चालविला आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर हाक मारली. हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःपुरता पत्ता असतो. आरशात पाहून स्वतःशी बोलण्यासारखे ते आहे. निरोप पोहोचला. मग त्याच संगणकावरून, पण त्याचा कक्षातील जो पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा, त्या पत्त्यावर हाक मारली. नकार! तिसरी पायरी चढण्याचे कारणच उरले नाही. तार, पेटी, शेजारचा संगणक, या सर्वांवरचा आळ एका फटक्यात दूर झाला. बिघाड सर्व्हरच्याच घरात होता. त्यांनी ‘बाइंड’ची ओळ पाहिली. तेथे पत्ता म्हणून १२७.०.०.१ च लिहिलेला होता. सर्व्हर फक्त स्वतःचीच हाक ऐकावयास बसला होता. त्या जागी ०.०.०.० लिहिले, म्हणजे ‘माझ्या कोणत्याही पत्त्यावर येणारी हाक ऐक’ असे सांगितले, आणि शेजारच्या संगणकाचा निरोप झरकन आत आला. या दोघी मुली वर्गात पहिल्या-दुसऱ्या येणाऱ्या नव्हेत. पण कोठवर ठीक आहे आणि कोठून बिघडले, ही सीमारेषा त्यांनी आखली. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र त्यांस आणि शेजाऱ्याचा चालता प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्यास सारखेच गुण मिळाले असते, कारण परीक्षक पडद्यावर शेवटी काय उमटले एवढेच पाहतो.

आता आम्ही त्या बिघाडाकडे येतो, ज्याने आम्हांस हा लेख लिहावयास प्रवृत्त केले. सर्व्हर चालू लागला. मुले ‘हॅलो’ पाठवीत, रोमन लिपीत आपली नावे पाठवीत, सर्व ठीक उमटे. मग एका मुलाने देवनागरीत ‘नमस्कार’ लिहून पाठविला, आणि सर्व्हर कोसळला. पुन्हा पाठविला, पुन्हा कोसळला. ‘गोवा’ पाठविले तर ठीक. ‘नमस्कार’ म्हटले की प्राण सोडी. कक्षात हशा पिकला; आपल्या सर्व्हरला नमस्कार चालत नाही, असे मुले म्हणू लागली. एकाने तर ठामपणे सांगितले की संगणकास मराठी झेपत नाही, इंग्रजीच वापरावी हे बरे.

हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेऊ शकलो नाही. आपल्या भाषेत काही बिघडले की भाषेलाच दोष देऊन मोकळे होण्याची सवय मोठ्यांनाही आहे, आणि ती मुलांत फार लवकर उतरते. म्हणून त्या दिवशी घंटा होऊन गेल्यावरही आम्ही सर्वांस बसवून घेतले आणि फळ्यावर हिशेब मांडला.

संगणक अक्षरे पाठवीत नाही, बाइट पाठवितो. कोणत्या अक्षरास कोणते बाइट, याचा आज सर्वत्र चालणारा संकेत ‘यूटीएफ-८’ या नावाचा आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तो १९९२ साली रचला. या संकेतात रोमन अक्षरास एक बाइट लागतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे. ‘गोवा’ या शब्दात ग, ओकार, व आणि काना अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. ‘नमस्कार’ शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात, म्हणजे २१. आणि मुलांच्या सर्व्हरमध्ये एक ओळ होती, जी त्यांनी कोठल्याशा नमुन्यावरून घेतली होती : एका वेळी १६ बाइट वाच, आणि त्यांची लगेच अक्षरे कर.

फळ्यावर एवढे लिहिताच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, काना तुटला!’ आणि खरोखरच तसे होते. पंधरा बाइटांत पाच चिन्हे पुरी होतात, ‘क’ पर्यंत. सोळावा बाइट हा कान्याच्या तीन बाइटांपैकी पहिला. तेवढाच सर्व्हरच्या हाती आला आणि त्याचे अक्षर करावयास सांगितले गेले. एक तृतीयांश कान्याचे तो काय करणार? त्याने तक्रार केली की मजकूर अनपेक्षित ठिकाणी संपला आहे, पंधराव्या स्थानी. संगणक पहिल्या बाइटास शून्यावे स्थान म्हणतो, त्यामुळे पंधरावे स्थान म्हणजे आपला सोळावा बाइट. ही सगळी हकीकत त्या तांबड्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत, स्थानासह, लिहिलेली होती. पाच वेळा ती पडद्यावर आली, आणि पाचही वेळा कोणी वाचली नाही.

एका मुलीने लगेच सुचविले की १६ च्या जागी १०२४ लिहावे. तसे केल्यावर ‘नमस्कार’ नीट पोहोचला, आणि बहुतेक मुले घरी जावयास उठली. पण १०२४ ला तीनाने भागल्यास बाकी एक उरते. मोकळी जागा न सोडता कोणी ३४२ चिन्हे पाठविली, तर शेवटचे पुन्हा तुटेल. शिवाय या वाहतुकीचा नियमच असा आहे की ती पाण्याच्या नळासारखी आहे, टपालाच्या पाकिटासारखी नाही. पलीकडून एकदा पाठविलेले इकडे एकाच खेपेत पोहोचेल याची कोणतीही हमी ती देत नाही. क्रम चुकणार नाही, एवढे मात्र पाळते. म्हणून खरा उपाय आकडा वाढविण्याचा नव्हे. येतील ते बाइट जमवीत राहावे, ओळ संपल्याची खूण आली की तेथपर्यंतचा मजकूर वेगळा काढावा, आणि मगच त्याची अक्षरे करावी. ओळसमाप्तीच्या खुणेचा बाइट या संकेतात दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात कधी येत नाही, त्यामुळे तेथे तोडणे निर्धोक.

आता दोष कोणाचा ठरला? मराठीचा नव्हे, देवनागरीचा नव्हे, संगणकाचाही नव्हे. तो प्रोग्राम रोमन अक्षरांतील मजकुरालाही तुकडे करूनच वाचीत होता. परंतु तेथे प्रत्येक अक्षर एका बाइटाचे असल्यामुळे कोठेही तोडले तरी अक्षर तुटत नसे. चूक पहिल्या दिवसापासून होती, इंग्रजीने ती झाकली आणि मराठीने उघडी केली. ज्याने तो नमुना लिहिला, त्याने ‘हॅलो’ पाठवून पाहिले असेल आणि समाधानाने निजावयास गेला असेल. आमच्या विद्यार्थिमित्रांनी यावरून एक पद्धत घालून घ्यावी, अशी आमची सूचना आहे : आपला कोणताही प्रोग्राम प्रथम आपल्या भाषेत चालवून पाहावा. कोंकणी देवनागरीत लिहिली तरी तेच फळ मिळेल. तीत काने, मात्रा आणि अनुस्वार काही कमी नाहीत.

ही दुरुस्ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी नवी तक्रार : आता तर काहीच येत नाही, कोसळतही नाही. हा प्रकार थोडक्यात सांगतो. सुधारलेला सर्व्हर ओळसमाप्तीची खूण येईपर्यंत थांबू लागला होता. आणि पायथॉनमध्ये कळफलकावरून घेतलेला मजकूर प्रोग्रामच्या हाती येतो तो ती खूण गाळून. क्लायंट तसाच तो पाठवी आणि उत्तराची वाट पाही. सर्व्हर खुणेची वाट पाही. दोघेही सभ्यपणे एकमेकांसाठी खोळंबलेले! येथे मुलांनी प्रत्येक पायरीच्या आधी व नंतर एकेक ओळ छापून घेतली : ‘वाचावयास बसलो’, ‘वाचून झाले’. पहिली उमटली, दुसरी उमटली नाही. बिघाड या दोन ओळींच्या मध्ये सापडला. क्लायंटने पाठविताना खूण जोडावयाची, एवढेच करावे लागले.

असे कोणी म्हणेल की हे सर्व ठीक आहे, पण तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची; तीत बिघाडाची मीमांसा करीत बसले तर अभ्यासक्रम पुरा कधी व्हावा? काही पालकांनी हा प्रश्न आम्हांस विचारलाही आहे, आणि तो अवाजवी नाही. एका पालकांनी तर असेही सुचविले की आता प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रे घरोघरी भ्रमणध्वनीत आहेत, मुलांनी त्यांस विचारावे. अवश्य विचारावे. पण काय विचारणार? ‘माझा सर्व्हर चालत नाही’ असे विचारले, तर ते यंत्र दहा शक्यता सांगते आणि मूल दहाही करून पाहते, त्यांतील नऊ नवे बिघाड करून ठेवतात. ‘त्याच संगणकावरून १२७.०.०.१ ला निरोप पोहोचतो, १९२.१६८ च्या पत्त्यावर नकार मिळतो’ असे ज्यास विचारता येते, त्यास यंत्राकडूनही नीट उत्तर मिळते. आणि पुष्कळदा तसे लिहिता लिहिताच उत्तर सुचून विचारण्याचे कारण राहत नाही. वेळेचे म्हणाल, तर ५००० चे ५००२ करण्यात आमच्या मुलांचे जे दोन दिवस गेले, ते कोणत्या अभ्यासक्रमाच्या खात्यावर मांडावयाचे?

बिघाडाची नोंद ठेवणे हे काही कमीपणाचे काम नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड येथील मार्क-दोन या यंत्रावर काम करणाऱ्यांनी ९ सप्टेंबर १९४७ रोजी आपल्या रोजवहीत एक पतंग चिकटविला. तो यंत्रात अडकून बिघाड झाला होता. यंत्रातील दोषास ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वीचीच. त्या दिवशी खराच किडा सापडला याची त्यांना गंमत वाटली. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. आमचे लक्ष मात्र पतंगापेक्षा त्याच्या शेजारच्या मजकुराकडे जाते. तेथे वेळ लिहिलेली आहे, आणि कोणत्या फळीवरील कितव्या रिलेमध्ये तो सापडला, हे लिहिलेले आहे : सत्तराव्या. त्यांचे ते वहीचे पान आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्या दिवशी यंत्राने कोणते गणित बरोबर सोडविले, हे कोणाच्या स्मरणात नाही.

आमचा प्रस्ताव असा आहे. संगणकाच्या प्रात्यक्षिकास जे वीस गुण असतात, त्यांपैकी आठ बिघाडाच्या नोंदीस द्यावे. नोंद मराठीत असावी, हवी तर कोंकणीत. काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झाले, पडद्यावरील शेवटची ओळ कोणती, कोठपर्यंत ठीक होते आणि हे कशावरून ठरविले, एवढे तीत यावे. प्रोग्राम शेवटी चालला नाही तरी हे आठ गुण मिळू शकतील. चालला, पण नोंद नाही, तर मिळणार नाहीत. शेजाऱ्याचे उतरवून घेणारास ही नोंद उतरविता येईल, हा आक्षेप आम्ही विचारात घेतला आहे. दोन मुलांचा बिघाड अक्षरशः एकच असणे क्वचित घडते, आणि घडले तर तोंडी दोन प्रश्न विचारून खरेखोटे करता येते. मुख्याध्यापकांकडे हा प्रस्ताव दिलेला आहे आणि पुढील शिक्षक-सभेत तो येईल.

तोवर संगणक-मंडळाने आपल्यापुरती एक वही सुरू केली आहे. खिडकीजवळच्या मेजावर ती असते. तीत आज सत्तावीस नोंदी आहेत, त्यांपैकी नऊ तार नीट न बसल्याच्या. ‘नमस्कार’ची नोंद अकराव्या क्रमांकाची आहे, ज्या मुलाने संगणकास मराठी झेपत नाही असे म्हटले होते, त्यानेच ती आपल्या हाताने लिहिली असून कान्याचे तीन तुकडे शाईने काढून दाखविले आहेत. पालकांस ती वही शनिवारी शाळा सुटल्यानंतर पाहता येईल.